रॅकून, फीडर आणि आमचं परस: एडिसनमधल्या नोंदी

घरामागे थोडी मोकळी जागा, एक मेपल, लाकडी डेक आणि कुंपणापलीकडे ओढा. सासूबाई मार्चअखेरीस चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आल्या. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, मग त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायला काहीतरी असावं म्हणून पाखरांसाठी फीडर टांगला. पुढचं सगळं त्यातून झालं. न्यू जर्सीत किंवा आसपास कुणाला हेच करायचं असेल तर आमच्या चुका वाचून घ्या. आकडे डॉलरमध्ये आहेत.

६ एप्रिल २०२४, शनिवार

काल सकाळी भूकंप झाला, ४.८ चा. न्यू जर्सीत! फडताळातल्या बरण्या वाजल्या. आई शांतपणे म्हणाल्या, "कोयनेच्या वेळी भांडी खाली आली होती, हे काहीच नाही." संध्याकाळी सहाच्या सुमाराला आणखी एक हिसका बसला.

आज सकाळी बघते तर फीडरचा खांब कमरेत वाकलेला, फीडर जमिनीवर, सूर्यफुलाचं बी पसरलेलं. घरातल्या चौघांचं एकमत झालं: भूकंप. मीसुद्धा त्यात होते. खांब गुडघ्यावर दाबून जमेल तेवढा सरळ केला, परत रोवला. वर आकडा असलेला बारीक लोखंडी खांब, २४. नळीचा प्लॅस्टिक फीडर, २७. फीडरला तडा गेलाय, चिकटपट्टी लावली.

७ एप्रिल

पुन्हा आडवा. रात्री भूकंप नव्हता, मी जागीच होते.

खांबाच्या बुडाशी ओल्या मातीत ठसे आहेत. पाच सुटी बोटं, लहान मुलाने चिखलात तळहात टेकवावा तसे. मुलाने फोटो काढून शोधलं आणि रॅकून असल्याचं जाहीर केलं. फीडरचे दोन तुकडे झाले, २७ गेले.

१० एप्रिल

रात्री आपोआप चित्रण करणारा कॅमेरा आणला, ५२. काल पाडवा, त्यामुळे गुढी उतरवल्यावर संध्याकाळी मेपलच्या बुंध्याला बांधला, तोंड खांबाकडे. आई नैवेद्याचं पान शेडमागे ठेवून आल्या, कॅमेऱ्यात त्यांची पाठ आलीय.

रात्री ११.४० ला पाहुणा आला. आम्ही सगळे पोहे खाता खाता व्हिडिओ बघत होतो. अंगाने बोक्याच्या दीडपट, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीवर कडी. खांबावर चढलाच नाही. मागच्या पायांवर उभा राहिला, दोन्ही हातांनी खांब धरला आणि मागे झुकला. उंचावरचे पेरू काढताना आपण फांदी वाकवतो, अगदी तसं. खांब वाकला, पाखरांसाठी त्यावर टांगलेला चरबीच्या वडीचा पिंजरा तोंडाजवळ आला. मग खाली बसून पिंजरा मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपत दार उघडलं. बघत नव्हता हाताकडे. मान वर, नजर आमच्या खिडकीकडे, आणि बोटं आपली काम करतायत.

"अगो, हा तर कांडेचोर," आई म्हणाल्या, म्हणजे उदमांजर. "आमच्या माळ्यावर यायचा. पण त्याला कड्या काढता येत नव्हत्या."

१४ एप्रिल

नवऱ्याने 'खारप्रूफ' फीडर आणला, ४८. खारीच्या वजनाने बाहेरची जाळी खाली सरकते आणि बी मिळायची भोकं बंद होतात. यंत्र चोख आहे. दिवसभर खारी येऊन लटकत होत्या आणि हिरमुसून जात होत्या.

१५ एप्रिल

रॅकूनने भोकांचा विचारच केला नाही. अख्खा फीडर आकड्यावरून उचलून काढला आणि ओढ्याकडे घेऊन गेला. कुंपणाशी सापडला, झाकण उघडं, आतली स्प्रिंग वाकडी.

आता आकड्याऐवजी पेच असलेली कडी लावली, गिर्यारोहक वापरतात तशी. नुसती दाबून उघडणारी कडी चालणार नाही, ती हे हात उघडतात. पेचाची मात्र अजून उघडलेली नाही. संपूर्ण खटाटोपात पहिल्या फटक्यात जमलेली ही एकच गोष्ट.

२० एप्रिल

तिखटाचा प्रयोग. पक्ष्यांना मिरचीचा जाळ कळत नाही, सस्तन प्राण्यांना कळतो. हे खरं आहे, आणि मिरचीचा अर्क चोळलेलं बी बाजारात मिळतं. पण घरात तिखट असताना विकत कशाला घ्यायचं, असं मला वाटलं. ओक ट्री रोडवरून लाल तिखट आणलं, ६, आणि परातीत बियांना चोळलं.

करू नका. बियांना तिखट चिकटत नाही, तळाशी बसतं. नवरा फीडर भरत असताना वारा आला आणि सगळं त्याच्या डोळ्यांत गेलं. तो अर्धा तास नळाखाली. आई म्हणाल्या, "रॅकून पळेल न पळेल, माझा मुलगा पळाला." आणि माणसाच्या डोळ्यांचं हे होतं तर फीडरमध्ये डोकं घालणाऱ्या पाखरांच्या डोळ्यांचं काय, हे मला त्यानंतर सुचलं.

२७ एप्रिल

पाऊस. तिखट-बियांचा गोळा झाला आणि त्यावर बुरशी धरली. सगळं फेकलं. फीडर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी घेऊन धुतला, दिवसभर उन्हात वाळवला. हे एरवीही दोन आठवड्यांनी करायचंच असतं, पाखरांत रोग पसरतात.

तयार तिखट वड्याही आणल्या होत्या, १२. खारींनी तोंड लावलं नाही. रॅकूनने पहिला घास घेतला, डोकं झटकलं, हात गवतावर पुसले आणि उरलेली वडी संपवली. कोल्हापूरकर निघाला.

या वड्या गाईच्या चरबीच्या असतात हे मुलाने आजीला सांगून टाकलं. त्यामुळे त्यांचा मुक्काम आता गॅरेजमध्ये, आणि वडी लावून आल्यावर मी कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ओट्याला शिवायचं नाही.

४ मे

साधा उपाय: अंधार पडायच्या आत फीडर घरात, सकाळी बाहेर. आठवडाभर नेमाने केलं. फीडर वाचला, पण दोन गोष्टी खटकतात.

एक, रोज कुणी ना कुणी विसरतं. गुरुवारी मी विसरले.

दुसरी जास्त विचित्र आहे. खांबावर काहीही नसताना तो रोज येतोच. कॅमेऱ्यात साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान डावीकडून येतो, खांबाकडे एकदा बघतो आणि उजवीकडे निघून जातो. सात रात्रींपैकी सहा रात्री. घाई नाही, शोधाशोध नाही. ठरलेल्या खानावळीकडे निघाल्यासारखा. खाली सांडलेलं बी असेल असं मी धरून चालले आणि रोज संध्याकाळी खालचं गवत झाडायला लागले. झाडूने गवत झाडताना शेजाऱ्यांनी पाहिलं.

११ मे

त्या झाडण्यामुळेच शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. ऐंशीच्या पुढचे, एकटे राहतात, त्यांच्याकडे कार्डिनल पक्ष्यांची जोडी कायम असते. माझी कहाणी ऐकून म्हणाले, "तू फीडर बदलत बसली आहेस. खांब बदल." त्यांचा खांब दाखवला. जाडसर पाइप, मध्ये शेगडीच्या धुराड्याचा पत्र्याचा नळा सैल टांगलेला. या अडसराला इथे बॅफल म्हणतात. रॅकून पाइपला मिठी मारून चढतो, नळ्याच्या आत शिरतो, वर जाळी लागते, उतरतो. बाहेरून चढायला जावं तर नळा इतका रुंद की मिठीत बसत नाही, आणि डुगडुगतो.

पंधरा वर्षं तोच नळा आहे म्हणे. मी पाच आठवडे आणि शंभरावर डॉलर घालवल्यावर हे कळलं. आधी कुंपणाशी जाऊन विचारायला काय झालं होतं!

खड्डा खणायचा म्हणून आधी ८११ ला कळवलं, जमिनीखालून गॅस, वीज कुठून जाते ते खुणा करून दाखवणारी सेवा. फुकट असतं, पण तीन कामाचे दिवस थांबावं लागतं. आमचा आठवडा गेला.

१६ मे

गवतावर पिवळ्या रेघा मारून गेले. पिवळा म्हणजे गॅस. मी जिथे खुंटी रोवून ठेवली होती तिथूनच रेघ गेलीय. पहार मारली असती तर ही वही दुसऱ्या कुणी लिहिली असती. जागा आठ फूट पुढे सरकवली. त्याने फायदाच झाला, पहिली जागा डेकच्या कठड्याला फार जवळ होती. कठडा, फांदी, शेड या कशापासूनही किमान दहा फूट लांब हवं, नाहीतर खारी वरून उडी मारतात आणि बॅफल खाली शोभेला उरतो.

१८ मे, शनिवार

एक इंची गॅल्व्हनाइज्ड पाइप, दहा फुटी, १७. झटपट घट्ट होणाऱ्या काँक्रीटची पिशवी, ७. दोन फूट खोल खड्डा, तळाला खडी, पाइप उभा, काँक्रीट, पाणी. ओळंबा नव्हता म्हणून नवऱ्याने दोऱ्याला बत्ता बांधला. आई खुर्ची टाकून "डावीकडे, अजून डावीकडे" करत होत्या, आणि त्यांची नजर बत्त्यापेक्षा बरोबर निघाली.

जुन्या वाकलेल्या खांबाचा वरचा आकडा हॅकसॉने कापून पाइपला पट्ट्यांनी आवळला, पट्ट्या ६. नवे हात घेतले नाहीत.

१९ मे

बॅफलचं काम. आठ इंच व्यासाचा, दोन फूट लांबीचा पत्र्याचा नळा, १६. अर्ध्या इंची चौकटीची तारेची जाळी, १३. भोकांची पट्टी, ५. स्क्रू, ४. पत्रा कापायची कात्री, १८.

नळा दुकानात उघडा मिळतो, त्याची शिवण आपण दाबून बसवायची. जाळीतून नळ्याच्या तोंडापेक्षा इंचभर मोठी चकती कापायची, मध्ये पाइपपुरतं भोक, कडा खाली दुमडून नळ्यात बसवायची. पट्टीचे दोन तुकडे वाकवून जाळीच्या वर स्क्रूने नळ्याला जोडायचे, त्यांच्यामधून पाइप जातो. हव्या त्या उंचीवर पाइपला आवळपट्टी बसवायची आणि नळा तिच्यावर नुसता टेकवायचा. घट्ट करायचा नाही.

दुकानात हातमोजे समोर होते, ९ चे. मी म्हटलं, पत्राच तर आहे. शिवण दाबताना कड अंगठ्यात गेली. तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवेना म्हणून. परत येताना हातमोजे घेतले. उरलेलं काम नवऱ्याने केलं, मी अंगठा वर करून सूचना दिल्या.

२५ मे

बॅफल लावून सहा दिवस. काल रात्री रॅकून वर होता. फीडरला मिठी मारून, आरामात.

व्हिडिओ तीनदा पाहिला. चूक आमचीच. खालून धरायला जागाच ठेवायची नाही म्हणून आम्ही नळा जवळजवळ जमिनीला टेकवला होता, म्हणजे त्याचं वरचं टोक जेमतेम सव्वादोन फुटांवर. तो मागच्या पायांवर उभा राहिला, जाळीची कड बोटांत पकडली आणि स्वतःला वर खेचलं. पाच दिवस त्याला हे सुचलं नव्हतं एवढंच.

नळा वर घेतला. आता वरचं टोक साडेचार फुटांवर, खालचं अडीच फुटांवर. खाली पाइप उघडा दिसतो आणि मन म्हणतं हे चुकलंय. नाही चुकलेलं. त्याला चढू द्यायचं असतं, नळ्याच्या आतपर्यंत.

१ जून

पाच रात्री प्रयत्न, पाच रात्री अपयश. डोकं नळ्यात, शेपूट बाहेर, मग हळूच उतरणं. काल तर खाली बसून वर बघत राहिला, बराच वेळ.

पण आज डेकच्या मागच्या कोपऱ्यात विष्ठेचा ढीग सापडला. रॅकून ठरलेल्या एकाच जागी जातात. हे हसण्यावारी नेऊ नका. त्यात गोलकृमीची अंडी असू शकतात, दोनचार आठवड्यांत ती लागण होण्याजोगी होतात, पोटात गेली तर त्यांतल्या अळ्या माणसाच्या डोळ्या-मेंदूपर्यंत जातात, आणि अंडी ब्लीचला दाद देत नाहीत. हातमोजे, मास्क, जुने बूट. कोरडं झाडायचं नाही, धूळ उडते. हलकं पाणी मारून फावड्याने उचललं, दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलं, जागेवर उकळतं पाणी चार पातेली ओतलं. फावड्यावरही.

पातेल्यांवरून घरात वाद झाला. ती पातेली आता गॅरेजमध्ये, वड्यांच्या शेजारी.

खांबावर काही मिळत नाही, जमिनीवर बी नाही, तरी हा इथेच बिऱ्हाड का करतोय?

८ जून

कॅमेरा खांबावरून हलवला. तो उजवीकडे जातो ना, मग उजवीकडेच लावला, शेडच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात.

रात्री ८.५०: आई. हातात वाडगा. वाकून काहीतरी ठेवलं, हात जोडले, गेल्या.

रात्री ९.३५: रॅकून. बसला, वाडग्यात दोन्ही हात घातले, बोटं चाटली. दहीभात. शेवटी वाडगा पालथा घालून खाली बघितलं.

व्हिडिओ संपल्यावर कुणी काही बोलेना. मग मुलगा म्हणाला, "आजी, तू त्याला जेवायला घालतेस?"

"त्याला कुठे?" आई म्हणाल्या. "गोग्रास आहे तो. घरी गोठ्यात द्यायचे. इथे गाय कुठून आणू? कुणाच्या तरी मुखी लागतो ना. वाडगा सकाळी स्वच्छ असायचा, मला वाटायचं पाखरं खातात."

"कधीपासून, आई?"

"आल्यापासून."

म्हणजे पाडव्याचं पानसुद्धा. मी मे महिनाभर गवत झाडत होते.

९ जून

आईंशी बोलायचं कसं हे नवरा आणि मी रात्री एकमेकांवर ढकलत होतो. शेवटी सकाळी चहाच्या वेळी मीच बसले. चूक वगैरे शब्द काढला नाही. विष्ठेचं आणि कृमीचं सांगितलं, नातू त्याच गवतात खेळतो हे सांगितलं, आणि न्यू जर्सीत रेबीज पसरवणाऱ्या प्राण्यांत रॅकून आहे हेही. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की तो माणसाला भीत नाही, मग शेवटी त्याचाच जीव जातो.

त्या थोडा वेळ कपात बघत राहिल्या. "मग दुपारी ठेवला तर? दुपारी तो झोपतो म्हणालीस."

यात मला खोट काढता येईना. ठरलं असं: दुपारी बाराला, उघड्यावर ताटलीत मूठभर साधा मोकळा भात, दही-तूप-मीठ नाही, आणि चारच्या आत ताटली आत. चिमण्या येतात. ब्लू जे येऊन सगळ्यांना हाकलतो. "हा आमच्या कावळ्यांतला," आईंनी त्याला बघून सांगितलं. खरंच त्याच कुळातला आहे तो.

१६ जून

९ तारखेपासूनचा हिशेब: पहिल्या तीन रात्री तो शेडमागे आला, रिकाम्या जागेवर हात फिरवत बसला. चौथ्या रात्री दोनच मिनिटं. गुरुवारपासून नाही. डेकचा कोपरा कोरडा.

नगरपालिकेच्या प्राणी-नियंत्रणाला मी मेमध्ये फोन केला होता ते लिहायचं राहिलं. पिंजऱ्यात पकडून लांब सोडून यायचा बेत होता. त्यांनी साफ नाही सांगितलं: रोग पसरतो, नव्या जागी तो जगत नाही, आणि रिकाम्या जागेवर दुसरा येतो. आता वाटतं, पकडला असता तर पुढच्याच आठवड्यात दहीभाताला दुसरा हजर झाला असता.

२९ जून

संध्याकाळी साडेसातला, लख्ख उजेडात, कुंपणावरून रॅकून गेला. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला, असं लगेच धरू नका. लडखडत असेल, अंगावर येत असेल तर घरात जाऊन फोन करा. हा धडधाकट होता, आणि हा नव्हताच, ही होती. मागे तीन पिल्लं रांगेत, शेवटचं सारखं मागे पडणारं. एप्रिलपासून 'तो' लिहितेय, तसंच राहू दे.

ती खांबाशी थांबली. चढली, नळ्यात डोकं घातलं, उतरली. एक पिल्लू लगेच तेच करायला गेलं आणि फूटभर वर जाऊन घसरलं. मग चौघं ओढ्याकडे.

आई खिडकीत होत्या. "बाळंतीण होती ग ती," एवढंच म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या. मी पोळ्या मोजल्या. रोजच्याइतक्याच होत्या.

१७ जुलै, आषाढी

खर्च एकत्र लिहिते. पूर्ण वाया: जुना खांब, पहिला फीडर, तिखट, तिखट वड्या, मिळून ६९. खारप्रूफ फीडर ४८, स्प्रिंग काढून साधा म्हणून चालू आहे, अर्धा वाया म्हणा. पाइप, काँक्रीट, बॅफल, हत्यारं, हातमोजे: ९५. कॅमेरा ५२. एकूण २६४. बी आणि अंगठ्याचे टाके वेगळे, टाक्यांचं बिल अजून आलेलं नाही. फक्त पाइप आणि बॅफलने सुरुवात केली असती आणि कॅमेरा पहिल्याच आठवड्यात चार दिशांना फिरवून बघितला असता, तर दोन शनिवारांत संपणारं काम होतं.

खांबावर सध्या कार्डिनलची जोडी, गोल्डफिंच, आणि खाली होल्यांचा थवा. खाली सांडू नये म्हणून सोललेलं बी घेते, महाग पडतं. वडीचा पिंजरा बंद केला.

हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली आईंच्या हट्टाने डेकच्या कठड्याजवळ टांगली आहे, एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, रंग नाही. तिला बॅफल नाही, ती रात्री आत घ्यायची असते. काल उपवासाच्या तयारीत विसरलो. सकाळी बाटली उलटी, पाणी संपलेलं, कठड्यावर पाच बोटांचे चिकट ठसे. चार मापांचे.